भिंतीवरचा गाडीवान

एका कोठीच्या खोलीपासून सुरुवात करतो.

पश्चिम युक्रेनमध्ये द्रोहोबिच नावाचं गाव आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये बेंजामिन गाइसलर हा जर्मन माहितीपटकार तिथल्या एका जुन्या बंगल्यात गेला. सोव्हिएत काळात या बंगल्याचे तुकडे पाडून त्यात बिऱ्हाडं वसवली होती. त्यातल्या एका बिऱ्हाडात एक वृद्ध जोडपं राहत होतं. त्यांच्याकडे सामान ठेवायची एक चिंचोळी कोठी होती. भिंतींवर रंगाचे थर, त्यांवर ठोकलेल्या फळ्या, फळ्यांवर बरण्या आणि डबे. गाइसलरला हव्या असलेल्या गोष्टी त्या रंगाच्या थरांखाली होत्या. नीट पाहिल्यावर आणि हलक्या हाताने थोडं पुसल्यावर आकृत्या दिसू लागल्या. परीकथेतली राजकन्या, बुटके, घोडे आणि गाडी हाकणारा एक माणूस.

त्या गाडीवानाचा चेहरा परीकथेतला नव्हता. रुंद कपाळ, खाली निमुळती होत गेलेली हनुवटी, खोल डोळे. ज्यांनी ब्रुनो शुल्त्सची स्वतःची रेखाचित्रं पाहिली होती, त्यांना हा चेहरा ओळखीचा होता. चित्रकाराने गाडीवानाच्या जागी स्वतःला बसवलं होतं. ही भिंत रंगवून होऊन तेव्हा ५९ वर्षं झाली होती. चित्रकाराला गोळी घालून मारल्यालाही जवळपास तेवढीच.

पुढच्या काही महिन्यांत या चेहऱ्यावर तीन देशांनी हक्क सांगितला. या लेखात मला त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी हा माणूस कोण, ते सांगायला हवं.

शुल्त्सचा जन्म १२ जुलै १८९२ चा. वडील याकुब, बाजारचौकात कापडाचं दुकान. घर ज्यू. गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये आलं, १९३९ मध्ये सोव्हिएत संघात, १९४१ मध्ये जर्मनांच्या ताब्यात, युद्धानंतर पुन्हा सोव्हिएत युक्रेनमध्ये आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये. शुल्त्स मात्र जवळपास सगळं आयुष्य त्याच गावात राहिला. माणूस जागचा हलला नाही, देशच त्याच्या डोक्यावरून सरकत गेले. जवळच बोरिस्लावला खनिज तेलाच्या विहिरी होत्या, त्यामुळे गावात पैसा आला, नवश्रीमंत आले, भपका आला. पोलिश, ज्यू आणि युक्रेनियन अशी तीन प्रकारची वस्ती होती. द्रोहोबिच म्हणजे दीड शहर, अर्धं पोलिश, अर्धं ज्यू, अर्धं युक्रेनियन, अशी गंमत लोक करायचे. गणित चुकीचं आहे, वर्णन अचूक आहे.

वास्तुशास्त्र शिकायला तो ल्वुवला गेला. आजारपण आणि महायुद्ध यांत ते शिक्षण अर्धवट सुटलं. वडील १९१५ मध्ये गेले, दुकान आधीच गेलं होतं. १९२४ पासून तो गावातल्याच सरकारी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवू लागला आणि ती नोकरी त्याने १९४१ पर्यंत केली. विधवा बहीण आणि तिचं कुटुंब त्याच्या पगारावर अवलंबून होतं. ही नोकरी त्याला आवडत नव्हती. गोंगाट, तासांची घंटा, लिहायला वेळ नाही, अशी तक्रार त्याच्या पत्रांतून सतत येते. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे ही पत्रं मला फार परकी वाटली नाहीत. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत काय किंमत असते, हे शिक्षकांच्या खोलीत बसणाऱ्याला सांगायला नको. कुणी रजेवर गेलं की बदलीचा तास त्यालाच.

पण त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पुढे जे सांगितलं ते वेगळं आहे. वर्ग आवरेनासा झाला की हा लाजाळू, हळू आवाजाचा मास्तर गोष्ट सांगायला लागायचा आणि सांगता सांगता खडूने फळ्यावर चित्रं काढायचा. मग आडदांड पोरंही गप्प बसायची. कागदावर न उतरलेल्या त्या गोष्टी घंटा झाली की फळ्यावरच्या खडूबरोबर पुसल्या गेल्या.

तो लिहायचा ते पोलिश भाषेत. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पूर्व युरोपातल्या लाखो ज्यूंची घरची भाषा यिद्दिश होती आणि त्या भाषेत तेव्हा जोमदार साहित्य निर्माण होत होतं. शुल्त्सच्या घरी पोलिश बोलत, जर्मन त्याला चांगली येत होती आणि लिहायला त्याने पोलिश घेतली. त्याच्या कथांची सुरुवात पत्रांतून झाली. दबोरा फोगेल ही यिद्दिशमध्ये लिहिणारी कवयित्री त्याची मैत्रीण होती. तिला पाठवलेल्या पत्रांच्या ताजा कलमांत तो आपल्या गावच्या, वडिलांच्या, दुकानाच्या हकिगती लिहू लागला. त्या ताजा कलमांचं पुस्तक झालं, ‘दालचिनीची दुकानं’. झोफिया नाउकोव्स्का या नामवंत लेखिकेच्या मदतीमुळे ते १९३३ च्या अखेरीस बाहेर आलं. दुसरा संग्रह १९३७ मध्ये. १९३८ मध्ये पोलिश साहित्य अकादमीचा सन्मान मिळाला. म्हणजे एका ज्यू मास्तराला पोलिश गद्याचा उत्तम कारागीर म्हणून मान्यता मिळाली, आणि तीही ज्या वर्षांत पोलंडमधल्या विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवलं जात होतं त्या वर्षांत.

आमच्या घरी उर्दू बोलतात. शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो आणि लिहितो मराठीत. एखाद्या कार्यक्रमात बोलून खाली उतरलं की कुणीतरी जवळ येऊन अगदी प्रेमाने म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” मी आभार मानतो. घरी आल्यावर त्या ‘किती’ शब्दावर अडतो. शुल्त्सलाही कुणी असं म्हणालं असेल का, असा विचार मनात येतो, एवढंच. तुलना इथेच सोडतो. त्याच्यावर जे गुदरलं त्याच्या शेजारी आपली छोटी बोचणी मांडणं शोभत नाही.

१९३६ मध्ये युझेफिना शेलिंस्का या कॅथलिक प्रेयसीशी लग्न करता यावं म्हणून त्याने ज्यू समाजाच्या नोंदीतून नाव काढून घेतलं आणि स्वतःला कुठल्याच धर्माचा नाही असं जाहीर केलं. लग्न झालं नाही. काफ्काच्या ‘खटला’ या कादंबरीचं पोलिश भाषांतर त्याच वर्षी शुल्त्सच्या नावावर छापलं गेलं, त्यातलं बरंचसं काम शेलिंस्काचं होतं. म्हणजे कागदोपत्री तो शेवटची सहा वर्षं ज्यू नव्हता. जर्मनांनी त्याला कागद विचारून मारलं नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. शुल्त्सच्या चित्रांत हा चेहरा सतत भेटतो. १९२० च्या सुमारास त्याने एक चित्रमालिका केली, ‘मूर्तिपूजेचं पुस्तक’. पद्धत खर्चिक होती. काचेच्या पट्टीवर काळा थर द्यायचा, सुईने त्यावर ओरखडून चित्र काढायचं आणि मग फोटोच्या निगेटिव्हसारखी तिची प्रत कागदावर उतरवायची. या चित्रांत उंच, बेफिकीर बायका असतात आणि त्यांच्या पायांशी लोळणारे खुजे पुरुष. त्या पुरुषांपैकी एकाचं तोंड बहुतेक वेळा शुल्त्सचं. स्वतःला नायक करून काढणारे चित्रकार पुष्कळ, स्वतःला इतकं केविलवाणं करून काढणारे थोडे. तैलरंगातलं त्याचं एकच चित्र आज ठाऊक आहे, १९२० चं ‘भेट’. गल्लीत काळा लांब कोट घातलेला तरुण ज्यू दोन नटव्या बायकांपुढे वाकलेला आहे. ते वॉर्साच्या साहित्य संग्रहालयात आहे. काचेवरच्या चित्रांचे संच शुल्त्सने स्वतः बांधून मित्रांना दिले, काही विकले. त्याने जे वाटून टाकलं ते बऱ्यापैकी वाचलं, आणि दबोरा फोगेलला लिहिलेली पत्रं तिच्याबरोबर गेली. तीही १९४२ मध्ये ल्वुवच्या वस्तीत मारली गेली.

१९४१ च्या जुलैत जर्मन सैन्य द्रोहोबिचमध्ये आलं. त्यांच्याबरोबर फेलिक्स लांडाऊ नावाचा गेस्टापोचा माणूस आला. हा व्हिएन्नाचा. ज्यूंकडून वेठबिगार करून घेण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. दिवसभरात किती जणांना कसं गोळ्या घातल्या हे एका परिच्छेदात आणि प्रेयसीच्या आठवणीने जीव कसा कासावीस झालाय हे पुढच्या परिच्छेदात. दोन्हींचं अक्षर सारखंच असणार.

या लांडाऊला समजलं की गावातला हा ज्यू मास्तर चित्रं चांगली काढतो. त्याने शुल्त्सला आपल्या पदराखाली घेतलं. शुल्त्सला ‘कामाचा ज्यू’ म्हणून थोडं अन्न मिळायचं आणि तूर्त जीव. बदल्यात त्याने लांडाऊ मागेल ते रंगवायचं. जप्त करून आणलेल्या ग्रंथालयांतली हजारो पुस्तकं निवडून त्यांची यादी करायचं कामही त्याच्यावर होतं. यादीनुसार काही पुस्तकं जर्मनीला जाणार, बाकीची रद्दीत. आणि बंगल्यात लांडाऊच्या लहान मुलाची खोली होती, तिच्या भिंतींवर परीकथा हव्या होत्या.

शुल्त्सने त्या काढल्या. एकेकाळी फळ्यावर खडूने काढायचा, आता भिंतीवर रंगाने. त्या चित्रांतले काही चेहरे गावातल्या लोकांचे होते असं सांगतात. गाडीवानाचा त्याचा स्वतःचा. तेव्हाच्या नियमांनुसार ज्यूंना घोडागाडीत बसायला किंवा ती हाकायला मनाई होती. ज्याच्या घराची भिंत रंगवायची, त्याच्याच हुकुमतीतला नियम शुल्त्सने त्याच्याच भिंतीवर मोडून ठेवला. लांडाऊला ते कळलं नसावं. त्याच्या पोराला तर नाहीच.

वॉर्सातल्या मित्रांनी शुल्त्ससाठी खोटी ओळखपत्रं आणि पैसे जमवले होते. तो पळून जाण्याच्या बेतात होता. १९ नोव्हेंबर १९४२, गुरुवार. त्या दिवशी गेस्टापोच्या लोकांनी ज्यू वस्तीत दिसेल त्याला रस्त्यावर गोळ्या घातल्या. दोनशेहून अधिक माणसं मेली. शुल्त्स पाव आणायला बाहेर पडला होता असं सांगतात. त्याला कार्ल ग्युंटर नावाच्या गेस्टापो अधिकाऱ्याने मारलं. लांडाऊने आधी ग्युंटरच्या आश्रयाखालच्या एका ज्यू दंतवैद्याला मारलं होतं, त्याचा हा हिशेब. तू माझा ज्यू मारलास, मी तुझा मारला, असं ग्युंटर लांडाऊला म्हणाल्याची हकिगत सांगितली जाते. एका मित्राने रात्री त्याला ज्यू दफनभूमीत पुरलं. पुढे तिथे घरं झाली. कबर सापडत नाही.

लांडाऊचं काय झालं ते थोडक्यात. युद्धानंतर पकडला गेला, १९४७ मध्ये छावणीतून निसटला आणि खोट्या नावाने बव्हेरियात राहून घरांच्या आतल्या सजावटीचा धंदा करू लागला. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १९६२ मध्ये जन्मठेप, १९७३ मध्ये माफी, १९८३ मध्ये घरगुती मरण.

‘माझा ज्यू’ यातला ‘माझा’ हा शब्द या सगळ्या कहाणीत मला पुढेही ऐकू येत राहतो, वेगवेगळ्या तोंडांतून. त्याला एक अपवाद आहे, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. येझी फित्सोव्स्की हा पोलिश कवी. ज्यू नाही. १९४२ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, ताब्यातल्या वॉर्सामध्ये त्याच्या हाती ‘दालचिनीची दुकानं’ पडलं. वेड्यासारखं वाचून त्याने लेखकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. युद्धानंतर त्याने शुल्त्स गोळा करायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, वाचलेल्या विद्यार्थ्यांना, मित्रांना, परदेशी विखुरलेल्यांना पत्रं लिहिली. कुणाकडे एक रेखाचित्र, कुणाकडे दोन पत्रं. शेलिंस्काने त्याला मदत केली, पण आपलं नाव हयातीत छापायचं नाही या अटीवर, आणि त्याने ती पाळली. १९६७ मध्ये त्याचं चरित्र आलं, १९७५ मध्ये पत्रांचं पुस्तक. शुल्त्सने मरणाआधी आपले कागद वस्तीबाहेरच्या कुणाकडे तरी सोपवले होते, त्यात ‘मसीहा’ नावाची अपुरी कादंबरी होती. ती फित्सोव्स्की शेवटपर्यंत शोधत होता. २००६ मध्ये तो गेला, कादंबरी मिळाली नाही. उर्दूत अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे सांभाळायला असलेली. साठ वर्षं या माणसाने तसा सांभाळ केला. लांडाऊच्या बंगल्यात चित्रं होती ही गोष्टही पुस्तकांतून जगाला ठाऊक राहिली ती त्याच्यासारख्यांमुळे.

मग फेब्रुवारी २००१ ला कोठी उघडली. पोलिश आणि युक्रेनियन जाणकार आले, चित्रं खरी ठरली. शुल्त्सचा विद्यार्थी आल्फ्रेड श्रायर अजून गावात होता, छळछावण्यांतून वाचून परत आलेला. तिथेच संग्रहालय करावं अशी बोलणी सुरू झाली. मे महिन्यात जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू संहाराच्या स्मारकसंस्थेची माणसं आली आणि १९ ते २१ मे या तीन दिवसांत चित्रांचे पाच भाग भिंतीवरून काढून इस्रायलला घेऊन गेली. जुन्या कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत असा युक्रेनचा कायदा आहे. गावात, कीव्हमध्ये, वॉर्सामध्ये ओरड झाली. याद वाशेमचं म्हणणं, बिऱ्हाडातल्या लोकांनी चित्रं दिली, पालिकेला माहीत होतं, आणि शुल्त्सला ज्यू म्हणून मारलं गेलं, त्यामुळे त्याच्या अवशेषांवर आमचा नैतिक हक्क आहे. पोलंडचं म्हणणं, तो पोलिश लेखक. युक्रेनचं म्हणणं, गाव आमचं, भिंत आमची.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सरळ राग आला होता. इस्रायलचं नाव, रातोरात उचलून नेणं, दुसऱ्याच्या भूमीवरचा हक्क. आमच्याकडे या शब्दांना आधीच एक संदर्भ असतो, तो पॅलेस्टाइनचा, आणि माझं मत वाचण्याआधीच तयार होतं. मग मी उलट बाजूने विचारायला लागलो. साठ वर्षं या चित्रांवर बरण्या होत्या. गावात एकेकाळी हजारो ज्यू होते, त्यांची आठवण ठेवायला सोव्हिएत राजवटीत कुणाला परवानगी होती, आणि कुणाला इच्छा? दफनभूमीवर घरं बांधणारे कुठल्या तोंडाने वारसा म्हणणार? याद वाशेमचा हा प्रश्न मला अजूनही खोडून काढता येत नाही.

आणि तरीही ते नेणं चूक होतं असंच माझं मत आहे, फक्त आता वेगळ्या कारणासाठी. शुल्त्सला ज्यू म्हणून मारलं हे खरं. पण तो ज्यू म्हणून मेला एवढ्यावरून तो कुणाचा हे ठरवायचं, तर निकाल ग्युंटरने दिला असं होतं. त्याने आयुष्यभर एकच गाव लिहिलं, एकाच भाषेत. त्या भाषेचा आणि त्या गावाचा ज्यूंशिवाय अर्थ लागत नाही, हे द्रोहोबिचमध्येच उभं राहून समजलं असतं. चित्रं तिथून हलवली की ते गाव त्याच्या गुन्ह्यातूनही सुटतं आणि त्याच्या माणसातूनही.

शेवटी २००८ मध्ये तोडगा निघाला. चित्रांची मालकी युक्रेनची, याद वाशेमकडे ती २० वर्षांसाठी उसनी. २००९ पासून ती जेरुसलेममध्ये लोकांना पाहायला खुली झाली. भिंतीवर उरलेले भाग काढून द्रोहोबिचच्या संग्रहालयात ठेवले आहेत. म्हणजे एकाच लहान मुलाच्या खोलीतली गोष्ट आज दोन देशांत अर्धी अर्धी टांगलेली आहे. २००४ पासून द्रोहोबिचमध्ये दर दोन वर्षांनी शुल्त्सच्या नावाने महोत्सव भरतो. पोलिश, युक्रेनियन, ज्यू, सगळे येतात. २०२२ पासून त्या देशावर युद्ध आहे, आणि जेरुसलेमच्या आसपासही शांतता नाही. कुठे ठेवलं तर सुरक्षित राहील, हा २००१ चा युक्तिवाद आता दोन्ही बाजूंना करता येत नाही.

उसनवारीची मुदत २०२८ च्या सुमारास भरते. गाडीवान सध्या जेरुसलेममध्ये आहे.